परतीचा रकाना

तिसऱ्या खेपेला मी डबा बरोबर घेऊनच गेले. पहिल्या खेपेला फोटोमागचा पडदा पांढरा नव्हता म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या दाखल्यावरचा शिक्का गोल निघाला, तो चौकोनी हवा होता. आता दुपार होईपर्यंत बसवून ठेवणार हे गृहीत धरून मी निघाले.

या वयात स्काऊट-गाईड पथकात जायची मला काही हौस नव्हती. नातीच्या पथकात आठ मुली. शिबिराला न्यायचं तर नोंदणी झालेल्या दोन मोठ्या बायका सोबत हव्यात, असा नियम. एक त्यांची पथकताई होती, चित्रकला शिकवणारी. दुसरी गेल्या महिन्यात बदली होऊन निघून गेली. सुनेला नोकरी, बाकीच्या आयांनाही नोकऱ्या. रिकामी सापडले ती मी. शनिवारपर्यंत नोंदणी झाली नाही तर शिबिर रद्द, असं पथकताईनं सांगून ठेवलं होतं. नात दहा वर्षांची. महिनाभर ताटाशेजारी दोरी घेऊन बसायची आणि घास चावता चावता गाठी मारायची. तुझं काम झालं का गं आजी, एवढंच रोज विचारायची. तिला रोज नाही म्हणणं माझ्या जिवावर यायचं.

फॉर्म सहा पानांचा. पूर्वानुभवाच्या रकान्यात मी लिहिलं की बत्तीस वर्षं ताडपत्र्या आणि तंबू शिवले. अक्षरओळख मला पाच वर्षांपूर्वी, साठी ओलांडल्यावर झाली, त्यामुळे सहा पानांना चार दिवस लागले. शिवणीची सवय हाताला अशी बसलेली की मी आधी वरची रेघ ओढते आणि मग तिला एकेक अक्षर टांगते. कापडावरही आधी खडूची रेघ, मग टाका. रेघ अंदाजानं ओढलेली असते, म्हणून ती शेवटच्या अक्षरापुढे बोटभर जास्तच जाते. साक्षरता वर्गातल्या बाईंनी ही खोड मोडायला सहा महिने घालवले आणि शेवटी हात टेकले. असं लिहिणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

कार्यालय एका बंद व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. बाकाचा एक पाय आखूड, त्याखाली कोणाचा तरी फॉर्म घडी करून सारलेला. कारकुनाला पथकताई 'नियमकाका' म्हणते. त्यांनी माझी सहाही पानं बोट फिरवत वाचली, शिक्का पट्टीनं मोजला आणि एक मिनिट म्हणून उठले. मला वाटलं, सुटले. पण ते कपाटातून एक लांबलचक रजिस्टर घेऊन आले. त्याला ओल्या ताडपत्रीचा वास येत होता. तो वास मी झोपेतही ओळखेन.

"तुमची नोंद आधीच आहे," ते म्हणाले.

मी सांगितलं की आयुष्यात या इमारतीची पायरी मी याच महिन्यात पहिल्यांदा चढले. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. नाव माझंच होतं. एका नावाच्या दहा बायका असतात, असं मी म्हटलं. त्यांनी जन्मतारखेवर बोट ठेवलं. मग पत्त्यावर. पत्ता आमच्या आत्ताच्या घराचा, तिसऱ्या मजल्यासकट. पान अकरा वर्षांपूर्वीचं. या घरात येऊन आम्हाला चार वर्षंही झालेली नाहीत, आणि नात तर तेव्हा जन्मलीही नव्हती, हे मी त्यांना दोनदा समजावलं. ते म्हणाले की पत्ते ते स्वतः बदलत नाहीत, लोक देतात तो लिहितात.

मग मी सही पाहिली.

अकरा वर्षांपूर्वी मी अंगठा लावत होते. इथे शाई तपकिरी पडलेली, अक्षरं रेघेला टांगलेली, आणि रेघ शेवटच्या अक्षरापुढे बोटभर गेलेली.

मी घाबरले नाही, चिडले. जुन्या रजिस्टरात कोणीतरी नवं पान घुसवलं असेल, माझ्या फॉर्मवरून सही गिरवली असेल, आणि त्यांचा घोळ मी का निस्तरायचा? ही नोंद खोडा आणि नवी करा, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी मान हलवली. एका माणसाच्या दोन नोंदी चालत नाहीत. जुनी बंद झाली तरच नवी उघडते.

"मग बंद करा जुनी."

"कशी करणार? शिबिराला गेल्याची सही आहे, परतीची नाही." त्यांनी चष्मा पुसला. "कागदोपत्री तुम्ही अजून शिबिरातच आहात."

"आणि इथे तुमच्यासमोर कोण बसलंय?"

ते थट्टा करत असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, विचार केला.

"ते मी कसं सांगणार?" ते म्हणाले.

मी साहेबांना भेटायचं म्हटलं. साहेब सोमवारपर्यंत रजेवर होते. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. मग त्यांनीच मार्ग काढला. परतीच्या रकान्यात आज सही केली की नोंद बंद होईल, पाच मिनिटांत नवी होईल. माझ्या ओळीखाली त्यांनी पोलादी पट्टी आडवी ठेवली. फक्त एवढ्याच ओळीत, असं बजावलं.

मी पेन घेऊन वाकले.

रकाना रिकामा नव्हता. त्यात रेघ होती. नुसती रेघ, माझ्या नावापेक्षा बोटभर लांब. तिला काहीही टांगलेलं नव्हतं.

मला उठून जाता आलं असतं. पण ताटाशेजारची दोरी डोळ्यांपुढे आली. मी एकेक अक्षर टांगलं. सगळी बरोबर मावली.

हात उचलताना बाही लागून पट्टी सरकली. खाली मुलींची नावं होती, कच्च्या अक्षरांत. आठ. गेल्याच्या रकान्यात आठही सह्या होत्या. परतीचा रकाना खालपर्यंत कोरा.

"या मुली?"

त्यांनी रजिस्टर मिटलं.

"त्यांच्या सह्या त्यांनीच करायच्या असतात."

माझ्या फॉर्मवर त्यांनी चौकोनी शिक्का मारला आणि ओळखपत्र हातात ठेवलं.

घरी पोचायला मला वेळ लागला, गुडघा दुखत होता. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार उघडंच होतं. दाराशी ताडपत्रीची गुंडाळी उभी होती, भिजलेली, तिच्याखालून फरशीवर पाणी ओघळत होतं. दोरीची गाठ मी वाकून चाचपली. दोन वेढे आणि टोक खालून आत. ही तंबू बांधायची माझी गाठ, ती मी नातीला अजून शिकवलेली नव्हती. दोरीत ओला चिखल होता.

सून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"आई, झाली एवढ्यात आंघोळ? आत्ताच तर आत गेलात."

न्हाणीघराचं दार लावलेलं होतं. आत पाणी पडत होतं.

नात जमिनीवर दोरी घेऊन बसली होती. इतकी खूश मी तिला महिनाभरात पाहिली नव्हती.

"आजी, मघाशी म्हणालीस ते नक्की ना?"

मी काय म्हणाले, असं मी तिला विचारलं.

"या खेपेला सगळ्यांना परत आणीन म्हणालीस."

न्हाणीघरातला नळ बंद झाला.