कोपऱ्यातला वाफा

मांजरांशी माझं वैर कधीच नव्हतं. त्यांनी त्यांच्या वाटेने जावं, मी माझ्या. पण बाबांनी गाजरं लावली आणि आमच्या वाटा एकाच वाफ्यात येऊन भिडल्या.

आई गेली तेव्हा मी बाबांना माझ्याकडे घेऊन आले. मागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. डॉक्टरांनी त्यांना नखशिखांत तपासलं आणि मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "शरीराची काही तक्रार नाही. पण माणसानेच अंग काढून घेतलं तर शरीर एकटं किती ओढणार? हाताला काहीतरी काम द्या त्यांच्या."

आई गेली तेव्हा मी रडले होते. घाबरले ती त्या दिवशी.

म्हणून बाग. माझ्या घराचं मागचं दार उघडलं की फरशीची अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना माती, सभोवती छातीएवढी भिंत आणि टोकाच्या कोपऱ्यात नळ. नळाजवळची माती सगळ्यात भुसभुशीत, ऊनही तिथे भरपूर. बाबांनी खुरपं हातात घेऊन पाहणी केली आणि त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे गाजरं लावू या. तुझ्या आईला फार आवडायची," म्हणाले. एवढं लांब वाक्य ते कितीतरी दिवसांनी बोलले होते.

गाजराचं रोप सुरुवातीला केसाइतकं नाजूक असतं. बाबा रोज सकाळी उकिडवे बसून त्या हिरव्या केसांकडे बघत. आणि एके दिवशी बरोबर मधोमध, रोपं आडवी करून, भला थोरला पिवळा बोका बसलेला. एक कान फाटका, नजर कामावर देखरेख करणाऱ्याची. त्याचं नाव आम्ही मुकादम ठेवलं, पण ते नंतर. त्या सकाळी बाबांनी खुरपं खाली ठेवलं, "जाऊ दे गं, नको आता," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले.

माझा पारा चढला. पारा हे बाबांनी लहानपणी माझ्या रागावरून ठेवलेलं माझं नावच. पुढे मी नोकरीला लागले तीही औषधांच्या शीतगृहात, तापमापक यंत्रं तपासायला. तेव्हा बाबा आठवडाभर हसत होते. यंत्र खरं सांगतंय का, हे बघणं माझं काम. मांजरांचा प्रश्नही मी तसाच हाताळायचा ठरवला. एक उपाय करायचा, परिणाम बघायचा, मग दुसरा.

संत्र्याची सालं पसरली. मुकादम माझ्या नाकावर टिच्चून सालांवर बसला. कॉफीचा चोथा टाकला, त्यावर एक करडी मांजरी येऊन बसली. मातीवर तारेची जाळी अंथरली, पंजांना टोचेल म्हणून. टोचतही असणार, कारण त्यावर येऊन बसलेल्या एका काळ्यापांढऱ्या मांजरीचा चेहरा दात दुखत असल्यासारखा झाला होता. पण ती उठली नाही.

इथे मला पहिल्यांदा खटकलं. मांजर वाफ्यात येतं ते उकरायला आणि घाण करायला. ही मंडळी उकरत नव्हती, घाणही करत नव्हती. नुसती बसत होती, आणि तीही आळीपाळीने. भिंतीवरून दुसरं मांजर उतरून जवळ उभं राहिल्याशिवाय पहिलं उठत नसे. पावसाची मोठी सर आली तेव्हाही कोरडी वळचण सोडून करडी तिथे भिजत बसली होती, खाली मातीकडे बघत.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळा रस्ता त्यांना बाई म्हणतो. मांजरांना खायला त्याच घालतात, म्हणून मी भांडायला गेले.

"बाई, तुमची मांजरं आवरा."

"माझी कुठली? जेवायला येतात, जातात."

"मग माझ्याच वाफ्यात काय ठेवलंय त्यांचं?"

"नळाजवळचा कोपरा ना?" बाई हातातली वाटी पुसत राहिल्या. "तिथे बसतातच ती. तुझ्या आधी लोक राहायचे तेव्हापासून. कधी रिकामा सोडत नाहीत."

"पण का?"

"ते मी नाही विचारत. जेवायला घालते, चौकशा करत नाही." मी जायला निघाले तर त्या मागून म्हणाल्या, "बसू दे की गं. गाजरं दुसरीकडे लावा."

दुसरीकडे लावायला माझी काहीच हरकत नव्हती. बाबांची होती. विषय काढला की ते म्हणत, "तिथे नाही तर कुठेच नाही," आणि कूस बदलत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मलाच निघावं लागणार होतं.

मी सेन्सर असलेला पाण्याचा फवारा मागवला. त्याची रीत साधी आहे. समोरून काहीतरी हललं आणि त्या वस्तूचं तापमान भोवतालापेक्षा वेगळं असलं, की नळीतून जोरात पाणी सुटतं. वस्तू गरम असो की गार, फरक पडला पाहिजे. ज्या वस्तूचं तापमान माती आणि भिंतीइतकंच आहे, ती त्याला दिसतच नाही.

फवाऱ्याचा पहिला बळी बाबाच. बघायला म्हणून वाकले आणि डोक्यापासून पायापर्यंत भिजले. मी टॉवेल घेऊन धावले तर ते हसत होते. चष्म्यावरून पाणी ओघळतंय, धोतऱ्याच्या बोंडासारखे केस उभे, आणि ते पोट धरून हसतायत. "पारा, अगं मांजर समजलं मला ते!" मी पण हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

मांजरांना मात्र हसू आलं नाही. मुकादमवर पाणी सुटलं तेव्हा त्याने कान पाडले, डोळे मिटले आणि ढिम्म हलला नाही. परत सुटलं, परत तेच. मांजर आणि पाणी यांचं नातं जगाला ठाऊक आहे. हा पठ्ठ्या निथळत, थरथरत बसून राहिला. मला वाईट वाटत होतं, तरी मी नळ आणखी मोकळा सोडला. शेवटी तो उठला. भिंतीवर चढून त्याने मागे वळून पाहिलं. दुसरं मांजर काही उतरलं नाही.

"झालं एकदाचं," मी म्हणाले.

पुढचे दिवस चांगले गेले, हे मला सांगायलाच हवं. बाबांनी पुन्हा बी पेरलं. दुपारी दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले. माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवली, म्हणजे तब्येत सुधारलीच म्हणायची.

मग एका सकाळी मी खिडकीशी भांडी घासत असताना फवारा सुटला. बागेत कोणी नव्हतं. मांजर नाही, पक्षी नाही, वाऱ्याने हलणारं पानही नाही. मी सेन्सरची काच पुसली, त्याची तीव्रता कमी केली. यंत्र उगाच सुटतं तेव्हा यंत्रच तपासायचं असतं, ही माझी सवय. ते सुटलं तिथे काय आहे, हे बघायची सवय मला नाही.

तरी बघितलं. सगळी माती ओली होती. कोपऱ्यातल्या वाफ्यात तेवढा एक गोल कोरडा राहिला होता, उकिडवं बसलेलं माणूस मावेल एवढा. नळीचं तोंड तिरपं असेल म्हणून मी ते सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी कोरडा गोल वाफ्याच्या काठाला होता. त्यानंतर पायवाटेवर. फरशीवर तो अगदी स्पष्ट दिसायचा, सभोवती पाण्याची ओली कड आणि मध्ये धूळ तशीच. मी पाण्याचा दाब बदलला. बॅटरी बदलली. फवारा उचलून दुसऱ्या भिंतीपाशी लावला, म्हणजे पाणी उलट्या बाजूने येईल.

गोल मागच्या दाराच्या पायरीवर आला.

त्यानंतर फवारा आपणहून सुटायचा थांबला. दुरुस्ती जमली असं मला वाटलं. शेजारच्या बाईंना मी भिंतीवरून तसं सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "मांजरं जेवायला येईनाशी झालीत गं. भिंतीवर बसतात नुसती, तुझ्या घराकडे तोंड करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या आधी उठले होते. अंघोळ झालेली, केस चापून बसवलेले. "आज हवा छान आहे, बाळ," म्हणाले.

बाळ ते मला कधीच म्हणत नाहीत.

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. वाफ येत होती. त्यांनी बोटं कपाभोवती धरली आणि वाफ थांबली. ते गप्पा मारत होते, कप तसाच हातात.

"गाजरं आली की पहिल्यांदा आईच्या आवडीचं काहीतरी करू," मी म्हणाले.

"हो का?" ते सौजन्याने म्हणाले, बसमध्ये शेजारी बसलेलं माणूस म्हणतं तसं.

मग ते बागेत गेले. पायवाटेवरून, फवाऱ्याच्या अगदी समोरून. पाणी सुटलं नाही.

बॅटरी नवीन होती. मी त्यांच्या मागून गेले आणि पहिल्याच पावलाला भिजून चिंब झाले. कपडे बदलून आले. तोवर बाबा दोनदा समोरून गेले होते. सेन्सरचा दिवा एकदाही लागला नव्हता.

माझ्या ऑफिसच्या बॅगेत लांबून तापमान सांगणारं यंत्र असतं, पिस्तुलासारखं. मी ते काढलं. वाफ्यातली माती मोजली. भिंत मोजली. माझा तळहात मोजला. सगळे आकडे हवे तसेच होते, यंत्र उत्तम चालत होतं.

बाबा उत्सुकतेने हात पुढे करून उभे राहिले. "माझंही बघ की."

"बॅटरी गेली," मी म्हणाले आणि यंत्र बॅगेत ठेवलं. मला माझे बाबा हवे होते, आकडा नको होता.

संध्याकाळी मी बाईंकडून मासे आणून कोपऱ्यातल्या वाफ्यात ठेवले. भिंतीवर सगळी मांजरं होती. एकही उतरेना. त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे नव्हतंच. बाबा वाफ्यापाशी उभे राहून भिंतीकडे बघत होते.

मुकादम उतरला.

माशांना ओलांडून तो सरळ बाबांकडे चालत आला. फवारा सुटला. पाण्याचा झोत दोघांवर आडवा आला. मी दारातून बघत होते.

मुकादम निथळत बाबांच्या पायांपाशी बसला, तोंड वर करून.

बाबांच्या अंगावर थेंब नव्हता. त्यांच्या पायांभोवती फरशी कोरडी होती, गोल.

मी चालत जाऊन नळ बंद केला. दुसरं काय करायला हवं होतं, मला सुचलं नाही.

आता मांजरं घरात असतात. बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यात त्यातलं एक कायम बसलेलं असतं, दुसरं आल्याशिवाय उठत नाही. मी त्यांना दूध देते, मासे देते, ती सोफ्यावर नखं ओढतात तरी बोलत नाही. मुकादमची पाळी असली की मी पण त्याच्याजवळ जमिनीवर बसते आणि दारातून आत बघते. कधीतरी खोलीतून पारा म्हणून हाक येईल, असं मला अजून वाटतं.

बाबा आतून हसून बघत असतात. प्रकृती उत्तम आहे त्यांची.

"बाळ," आज सकाळी ते म्हणाले, "ही मांजरं घालव ना घरातून. ते पाण्याचं यंत्र कुठे ठेवलंस?"