सरकणारी रेष

चुकून भलत्याच खोलीचं दार उघडणारा माणूस 'सॉरी' म्हणून निघून जातो. हा गेला नाही. उघड्या दाराला टेकून उभाच राहिला...

"इथे एवढा गारवा कशाला?"

"या स्फटिकासाठी." तिने मानही वर केली नाही. "यंत्रातल्या तापलेल्या वायूत, म्हणजे प्लाझ्मात, चिमूटभर आर्गॉन सोडतात. त्यातून येणारे एक्स-रे हा वेगवेगळे करतो, मग पडद्यावर रेष दिसते. रेष सरकली, की समजायचं प्लाझ्मा फिरतोय."

"तो आर्गॉन मीच सोडतो की! जास्त झाला तर प्लाझ्मा गारठतो, म्हणून हात आखडता. सगळे मला कंजूस म्हणतात."

आता मात्र तिने मान वर केली. त्याचे डोळे कंजूस नव्हते.

त्यानंतर 'आर्गॉन किती सोडू?' हे विचारायला कंजूसला फोन पुरेनासा झाला. प्रत्येक प्रयोगाआधी स्वारी दारात हजर! उघड्या दारातून पंपांच्या हॉलची ऊब आत यायची, आणि त्याच्या गप्पा. खोटं कशाला बोला, ती वाट बघू लागली होती.

त्याच सुमारास रेष सरकू लागली. कुणी ढकलत नसताना प्लाझ्मा आपणहून फिरतोय? तिला जेवण गोड लागेना. प्रयोगशाळेतल्या सरांनी तिला हे सगळ्यांसमोर मांडायला सांगितलं. तिचा पहिलावहिला शोध!

मग बहिणीच्या लग्नासाठी कंजूस रजेवर गेला, आर्गॉन दुसऱ्याने सोडला... आणि रेष जागची हलेना. तो परतला, रेष पुन्हा सरकली. तिने कपाळावर हात मारला. उघड्या दारातल्या उबेने स्फटिक केसभर फुगत होता, म्हणून रेष सरकत होती. प्लाझ्मा बिचारा होता तिथेच होता.

"आर्गॉन किती सोडू?"

"माझा शोध बुडवलास तू!" तिने सगळं सांगितलं. डोळे भरून आले होते.

त्याचा चेहरा पडला. "सरांना मीच सांगतो, चूक माझी. यापुढे... फोनच करत जाईन."

तो वळला. शोध गेल्याचं दुःख होतंच, पण हे जास्त लागलं.

"थांब! चूक माझीच आहे. गारवा लागतो हे मला माहीत नव्हतं?"

"मग दार लावायला का नाही सांगितलंस?"

"तू बाहेरच राहिला असतास तर?..."

तो आत आला. त्याने पाठीमागे दार ओढून घेतलं.

"आणि आर्गॉन?" तिने विचारलं.

"थांबू दे जरा."