मृणालदींची नव्वदची कॅसेट

भिलाईच्या खुर्सीपारात आज माझं मोबाईलचं दुकान आहे, पण एकेकाळी इथे कॅसेटी भरून मिळायच्या. यादी द्या, संध्याकाळी गाणी घेऊन जा. शाळा सातवीपर्यंतच झाली, तरी बिघडलेला टेप मी असा उघडायचो की पोलादाच्या प्लांटातले इंजिनियर बघत बसायचे.

छत्तीसगढ नवं नवं झालं होतं. नेहरू नगरातून मृणालदी दुकानात आल्या. कधीकाळच्या बंगाली नटी; पडद्यावर स्वतःची गाणी स्वतःच गायच्या. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. सोबत छोटी पाटी ठेवायच्या, तिच्यावर लिहून बोलायच्या. ऑपरेशनच्या आधी त्यांनी नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून ठेवली होती. पाटीवर लिहिलं, "एक कॉपी कर दीजिए. इतनी ही बची हूँ."

मी पहिली बाजू ऐकली. फाळणीत आईचा पदर धरून कलकत्त्याला आलेली पोर. तेराव्या वर्षी स्टुडिओतल्या गर्दीत उभी राहिली, मग नायिका झाली. अकरा सिनेमे. शेवटचा आपटला तेव्हा निर्मात्यानं खापर तिच्या आवाजावर फोडलं. मग प्लांटातल्या साहेबाशी लग्न, भिलाई, आणि दर दुर्गापूजेला दोन गाणी. हिंदीत बोलता बोलता त्या बंगालीत गायच्या. बंगाली मला ओ का ठो येत नाही, पण समोरचा चहा गार झाला.

भीमजयंती दोन दिवसांवर होती. मंडळांची रांग लागलेली, कोऱ्या कॅसेटी संपलेल्या. भरलेली कॅसेट कोणी पुसू नये म्हणून तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा तोडतात. त्या भोकावर कागद चिकटवला की ती पुन्हा भरता येते. जुन्या कॅसेटींच्या ढिगात मृणालदींची गेली. कागद मीच चिकटवला. दोन्ही बाजू जयंतीच्या गाण्यांनी भरल्या. चूक कळली तोवर उशीर झाला होता. ती गाणीही पुसून टाकली आणि कोरी कॅसेट त्यांना परत दिली.

"दीदी, बुरशी लग गई थी," म्हणालो.

त्यांनी कॅसेट छातीशी धरली. मग पाटीवर खडू करकरला. "आपने सुना था न?"

मी मान डोलावली.

"तो रहेगा."

मागच्या महिन्यात त्या गेल्या. त्यांना शेवटपर्यंत सांभाळणारी शकुबाई भरदुपारी तीच कॅसेट घेऊन आली.

"भय्याजी, बाईचा आवाज पेनड्राईव्हमंदी टाकून द्या. श्राद्धाले लोकाइले ऐकवाचा हाये."

"जुनी हाये वो... काही नसन त्याच्यात."

"कावून नसन? बाई रोज छातीशी धरून बसे. लावून तं पाहा."

लावली. नुसती खरखर. वीस-बावीस वर्षं पोटात ठेवलेलं आता सांगून टाकावं असं वाटलं. "शकुबाई, एक गोष्ट..." म्हणत तोंड उघडलं, आणि गाणं सुरू झालं.

तोच आवाज. स्वच्छ, कोवळा. शकुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "बाईच हाये वो... बाईच हाये!"

पुसलेल्या टेपमधून? मशीनवरची आवाज दाखवणारी सुई शून्यावर होती. मी बटण दाबून टेप बंद केला. गाणं चालूच. प्लग ओढला. गाणं चालूच.

शकुबाईनं पदर खाली घेतला. ती मशीनकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. एकेक पाऊल मागे सरत पायरीवरून उतरली आणि उन्हात पळत सुटली.

मी ओठांवर हात दाबला. ओठ हलत होते.

बरोबर पंचेचाळीस मिनिटं. मग खट्ट झालं, आणि माझा घसा माझा झाला.

कॅसेट गल्ल्यावर पडून आहे. शकुबाई न्यायला आली नाही. काल दुपारी जेवून जरा डोळा लागला होता. जाग आली तर बायको, कांता, दाराला पाठ लावून उभी. चेहरा पांढराफटक.

"काय झालं वो?"

"तुमच्या तोंडातून कोणी बाई बोलली," ती कुजबुजली. "हिंदीत... विचारून राहिली होती, दुसरी बाजू लावू काय म्हणून..."

दुसरी बाजू मी कधी ऐकलीच नव्हती.

"मग? तू काय म्हणाली?"

कांता रडायला लागली. "मले काय मालूम जी... मी हो म्हणून बसली."