वंशावळीतली रिकामी चौकट

काकांनी गोष्ट सुरू केली तेव्हा माझ्या खिशात ओला रबरी हातमोजा होता. गोष्ट रंगात आली की ढापण्याच्या मानेवर ठेवायचा, असा बेत. तो किंचाळणार, आम्ही लोळणार. गच्चीत मी, ढापण्या, बटाट्या. काका खुर्चीत. दिवा बंद.

"माझ्याबरोबर कामाला होता एकजण," काका म्हणाले. "मोजणीदार. जमिनी मोजायचा, नकाशे काढायचा. खरं घडलेलं सांगतोय, मध्ये चोंबडेपणा नको."

"भूत कितव्या मिनिटाला येतं, काका?" मी विचारलं.

"तू गप्प बसलास की."

तर हा मोजणीदार आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होता. त्याच्या आत्याला ऐंशी पूर्ण होणार होती, सगळं गोत जमणार होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक द्यायचं. दोन वर्षं बिचाऱ्यानं सुट्ट्या घालवून जुनी दफ्तरं उपसली, पाच पिढ्या शोधल्या. शेवटी मोठ्या कागदावर वंशावळ काढली, स्वतःच्या हातानं, शाईनं. प्रत्येक माणसाला एक चौकट.

एकच चौकट भरेना. खापरपणजोबांची पहिली बायको. विशीतच गेली. खापरपणजोबांची पत्रं होती, पण बायकोचं नाव घेतील तर शपथ! 'हिला ताप आहे.' 'हिला उतार नाही.' 'ही काल पहाटे गेली.' खलास. दफ्तरातसुद्धा नुसतं 'अमक्याची बायको'.

आत्या म्हणाली, "राहू दे रे रिकामी. कोण बघतंय?"

"आत्या, नकाशात भोक ठेवून मला झोप लागेल का?"

"मग 'माहीत नाही' असं लिही."

"ते भोकापेक्षा वाईट दिसतं."

आणि या शहाण्यानं काय करावं? स्वतःच्या सात वर्षांच्या पोरीचं नाव टाकलं तिथं. एकुलती एक, जीव की प्राण. लाडकं नाव, चौकटीत मावलंही झकास.

"ही तर कॉपी झाली," बटाट्या म्हणाला. "गणिताच्या पेपरात मी हेच करतो. उत्तर येईना की शेजारचं ठोकून द्यायचं."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

"सतरा नोव्हेंबर," ते म्हणाले. "मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं."

सकाळी कागद छापायला द्यायचा होता. बायको नर्स, ती रात्रपाळीला. पोरगी आतल्या खोलीत झोपलेली. हा टेबलाशी, शेवटच्या रेघा ओढत. दाराला कडी. त्यानंच लावलेली.

वर बघितलं, तर टेबलापलीकडे बाई उभी.

"दिसायला कशी?" ढापण्यानं विचारलं.

"चेहरा होता. पण पापणी लवली की आठवायचा नाही."

बाई म्हणाली, "मला कुणीतरी हाक मारली."

ह्यानं लेखणी खाली ठेवली.

"इतकी वर्षं कुणी मारलीच नव्हती. मी पण विसरले हो... माझं नाव."

ती कागदावर वाकली. त्याच चौकटीवर बोट ठेवलं.

"हे माझं?"

त्याला सांगायचं होतं, नाही, ते माझ्या लेकीचं आहे. जीभ टाळ्याला चिकटली. निदान मान तरी हलवू, म्हणून जीव एकवटला. आडवी हलवायची होती...

उभी हलली.

बाईनं ते नाव घेतलं. हळूच. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, नवा फ्रॉक मिळालेल्या पोरीसारखं.

"छान आहे," म्हणाली.

आणि नव्हती.

आत पोरगी झोपेत खोकली. तो धावला. हाक मारायला तोंड उघडलं...

नुसतं तोंडच उघडलं.

घाबरलोय म्हणून असेल, त्याला वाटलं. टेबलाकडे आला. बाईची चौकट कोरी. अगदी खाली, पोरीची चौकट... तीही कोरी. पोरीचं दप्तर जमिनीवर ओतलं. वह्यांवर शाळा होती. इयत्ता होती. तुकडी होती.

त्यानं बायकोला फोन लावला.

"अगं, आपल्या पोरीचं नाव काय?"

"रात्री अडीचला थट्टा सुचतेय तुला? तिचं नाव..."

...

"अरे, तिचं नाव..."

काका थांबले. खाली कुठंतरी नळ गळत होता.

"मग?" बटाट्या.

"मग काय. उजाडेपर्यंत दोघं फोन कानाला लावून बसले. कुणी ठेवेना."

"दुसरं नाव ठेवायचं ना," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"ठेवली. सात ठेवली. रात्री ठेवायचं, सकाळी कुणालाच आठवायचं नाही. कागद जाळला. पुस्तक सोडून दिलं. त्या बाईची माफी मागायला बसला, रात्र रात्र... हाक काय मारणार? त्यासाठी पण नावच लागतं, बाळा."

त्यांनी खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. ढापण्यानं मोबाइलचा उजेड पाडला. शाळेचं ओळखपत्र. इयत्ता दुसरी. रक्तगट. फोटोत दोन वेण्यांची पोरगी, डाव्या भुवईत कापल्याची खूण. 'नाव' असं छापलेलं, पुढं कोरं. खोडलेलं नाही. पुसलेलं नाही.

जिन्यातून आवाज आला. "बाबा, चला आता. गार सुटलंय."

काकांची मुलगी, आमची ताई. आम्ही रांगत होतो तेव्हापासून तिला ताईच म्हणतो. गल्लीतले म्हातारेसुद्धा ताईच म्हणतात. ती उजेडात आली, हसली. डावी भुवई...

काका उठले. तिला हाक मारली नाही. खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जिना उतरून गेले.

हातमोज्यातलं पाणी माझ्या मांडीवरून ओघळत होतं.

"ढापण्या," मी म्हणालो, "ताईचं नाव काय रे?"

ढापण्यानं तोंड उघडलं.

मी बटाट्याकडे बघितलं.

...

ओळखपत्र माझ्याच हातात राहिलं होतं.