लुक्यान झिमिनच्या कबरीत कोण आहे?

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाला गळ घालणार नाही. पण हे माझ्या हातून घडलंय, आणि त्याच हाताने लिहितेय.

चार मे २००९. दुपारचे दोन. रशियातल्या नोवगोरोदजवळचं दलदलीतलं जंगल.

मी तासिया, दवाखान्यात नर्स. दर वसंतात सुट्टी काढून शोधपथकाबरोबर जंगलात जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, वोल्खोव आघाडीची एक फौज इथे अडकली. लेनिनग्राडचा वेढा फोडायला निघालेली माणसं स्वतःच वेढ्यात सापडली. झाडांच्या साली खाऊन दिवस काढले त्यांनी. हजारो अजून चिखलातच आहेत. आम्ही हाडं काढतो. नाव सापडलं तर नावाने पुरतो.

माझे पणजोबा लुक्यान झिमिन त्यांच्यातलेच. घरी फक्त चिठ्ठी आली, 'बेपत्ता'.

त्या एका शब्दाने माझ्या आजीला जन्मभर छळलं. त्या फौजेचा सेनापतीच पुढे शत्रूला मिळाला होता. मग काय, गावाला आयतं कोलीत मिळालं. शाळेत पोरं आजीला नावाने हाक मारून ओरडायची, "ए कापा, तुझा बाप जर्मनांकडे पाव खात बसलाय!"

२००९ साली आजीचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, फार तर पानगळीपर्यंत. मी निघाले तेव्हा तिने माझी बाही धरली.

"पोरी, दगडावर बाबांचं नाव बघू दे एकदा. मग खुशाल न्या मला."

आणि त्या दुपारी एका सांगाड्याजवळ डबी सापडली.

प्रत्येक सैनिकाजवळ अशी बोटाएवढी काळी डबी असायची. आत कागदाची पट्टी. नाव, गाव, घरचा पत्ता. पण बऱ्याच पट्ट्या कोऱ्याच निघतात. नाव लिहिलं की मरण येतं, अशी त्यांची समजूत होती.

पट्टी उलगडायचं काम माझं. पथकप्रमुख सावेली काका, जुने ट्रॅक्टरवाले, तोंडाने फटकळ.

"चहा होईस्तोवर उलगड. आणि शिंकू नकोस. मागच्या वेळी एकाचं अर्धं गाव उडवलंस!"

तंबूत मी एकटीच होते. पट्टी कोरडी निघाली. नीट उलगडली...

कोरी.

उजेडात धरली. भिंगातून पाहिली. एक अक्षर नाही.

त्या सांगाड्याचे दात मी पाहिले होते. एकही झिजलेला नव्हता. विशीचासुद्धा नसेल. पणजोबा तेव्हा छत्तीसचे होते. मला सगळं कळत होतं, हे आधीच सांगते.

समोर आदल्या आठवड्यात सापडलेलं पेन्सिलीचं थोटूक पडलं होतं. मी ते उचललं आणि लिहिलं. झिमिन, लुक्यान.

बाहेर पक्षी ओरडत होते...

ते एकदम गप्प झाले.

मी पेन्सिल खाली ठेवली.

...खरखर चालूच राहिली.

कागदावर शिसं घासल्याची खरखर. सावकाश. नीट अक्षर काढावं तशी. माझ्या हातात काहीही नव्हतं.

काका आत आले आणि आवाज थांबला. पट्टी वाचून त्यांनी टोपी काढली.

"तासे... तुमचेच?"

मी मान हलवली. तो फटकळ माणूस ढसाढसा रडला. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही.

आठ मेला दफन झालं. आजी काठी टेकत आली. शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "बघ गं प्रास्कोव्या, फितुराची लेक!" इतकी ताठ उभी मी तिला कधी पाहिली नव्हती.

पाद्रीबाबांनी नावं वाचली. "लुक्यान झिमिन..."

माझ्या मानेमागे कोणीतरी हळूच म्हणालं, "मी नाही."

वळले. कोणी नव्हतं. मागे वाटेवर टाकलेल्या फळीवर पाण्याचं थारोळं होतं. आठवडाभर पाऊस झाला नव्हता.

बारा दिवसांनी, भर दुपारी कामावरून आले. आजी बटाटे अर्धवट सोलून बसलेली. समोरचा बाक ओलाचिंब.

"कोण आलं होतं गं?"

"एक पोरगा. नखशिखांत भिजलेला. म्हटलं, चहा घे. म्हणाला, माझ्यावरचं नाव काढा. म्हटलं, बाळा, घर चुकलास." आजीने सुरी खाली ठेवली. "तर म्हणतो, 'आई मला शोधत येईल. दगड वाचेल. आणि पुढे निघून जाईल.'"

मी फडक्याने बाक पुसू लागले.

"तासे, खरं सांग. आपण कोणाला पुरलंय?"

"तुझ्या बाबांनाच, आजी."

ती पुन्हा कबरीवर गेली नाही. ऑगस्टमध्ये वारली. शेवटी बाबांचं नावसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "त्या पोराच्या आईला कळवा गं कोणीतरी." बस.

पुढच्या वसंतात त्याच खड्ड्यापासून चाळीस पावलांवर एक चमचा सापडला. दांड्यावर खिळ्याने कोरलेलं, 'लु. झिमिन'. शेजारी हाडं. दात झिजलेले.

मी काकांच्या पाया पडून सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

"लुक्यानला त्याची जागा देऊ," ते म्हणाले. "पण त्या पोराच्या दगडावर आता काय लिहू? पट्टी आण इकडे."

त्यांनी ती भिंगाखाली धरली.

"तासे, कोरी होती म्हणालीस ना?"

"शपथ, काका. कोरीच होती."

"मग तुझ्या अक्षरांच्या आड हे कोणी लिहिलंय?"

मी वाकून पाहिलं...

माझ्या अक्षरांच्या आड, त्याच जागी, त्यांत गुंतलेली दुसरी अक्षरं होती. बारीक, शाळकरी वळणाची. त्या दुपारच्या खरखरीत त्याने पहिल्यांदाच नाव लिहायचं धाडस केलं होतं, आणि त्याच जागेवर माझं शिसं बसलं होतं. माझं खोडलं तर त्याचंही जातं. शहरातल्या तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनीही हात टेकले.

पट्टी आता माझ्याकडे असते. त्याच्या दगडावर काही लिहिलेलं नाही. आजही दुपारी घर शांत झालं की कपाटातून आवाज येतो...

खरखर.

तो पुन्हा पुन्हा लिहितोय. आणि मला वाचता येत नाही.