माणूस मात्र एकच

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचं नाक फोडून चैत्राली सुतार भानावर आली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिच्या जिभेवर अळंबीची मातकट चव अजून रेंगाळत होती.

"कुणाला लागलं काय?" तिनं विचारलं.

"पाटलांना," डॉ. निलोफर मुजावर शांतपणे म्हणाल्या. "डाव झकास होता. माणूस चुकला."

कोपऱ्यात पाटील नाकाला कापूस लावून बसले होते. त्यांनी हात वर करून 'चालतंय' अशी खूण केली, पण चेहरा चालतंय म्हणणारा नव्हता.

सन २०६३. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरचं स्मृतिशोध केंद्र. बाहेर धुकं असं, की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, आणि आत माणसाला हरवलेली संध्याकाळ दिसते, असं लोक कोल्हापुरात सांगायचे. चैत्रालीला नेमकी एक संध्याकाळ हवी होती.

वय बावीस, वजन चौसष्ट, जिल्ह्यातल्या पोरींत तिच्याशी कुस्ती लावायला कुणी सहज तयार होत नसे. अकरा महिन्यांपूर्वी तालमीत तिच्या थोरल्या बहिणीचा, वैजयंता आक्काचा, कुणीतरी मान मोडून जीव घेतला. त्याच वेळी चैत्राली दारातून आत आली. ती त्या माणसावर झेपावली, तेव्हा त्यानं लाकडी मुद्गल तिच्या डोक्यात घातला. चार दिवसांनी शुद्ध आली, पण ती संध्याकाळ काही आली नाही. ज्यानं आक्काला मारलं त्याचा चेहरा साऱ्या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. तो तिच्याच कवटीत होता आणि तिलाच तिथं जाता येत नव्हतं.

स्मृतिअळंबी त्यासाठीच होती. आजची चिमूट फक्त चाचणीची. खरी मात्रा परवा मिळणार होती आणि तीही आयुष्यात एकदाच.

"अन् परवाबी असंच झालं तर?" चैत्राली म्हणाली. "दारापर्यंत गेलो, लाल माती दिसली, आक्काचे पाय दिसले, अन् मी घाबरलो. घाबरलो की सगळं बंद."

(कोल्हापूरच्या पोरी 'गेलो, आलो' म्हणतात. पुण्याच्या लोकांनी नाक मुरडायचं ते मुरडावं.)

"म्हणून तर तीन दिवसांची तयारी," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पेज खायची, फोन नाही, बातम्या नाहीत, कुणाशी भांडण नाही. मन जेवढं रिकामं, तेवढी भीती कमी."

"मॅडम, पेज खाऊन भीती जात न्हाई, ताकद जाती. आमच्याकडं मोठ्या कुस्तीची तयारी येगळी असती. समोर जो पैलवान येणार, त्याचं सोंग आपल्याच तालमीतला एकजण घेतो. तसाच उभा राहतो, तेच डाव टाकतो. आठवडाभर त्याच्या हातनं मार खाल्ला की खऱ्याची भीती उरत न्हाई. मला त्या माणसाचं सोंग पाहिजे."

डॉ. मुजावरांनी पेन खाली ठेवलं. "अजिबात नाही."

"का नाही?" हे डॉ. सॅमसन आवळे. अळंबी वाढवायचं काम त्यांचं. विषय अळंबीचा निघाला की ते समोर कोण आहे हे विसरत. केंद्रातले लोक त्यांना चहाला बोलावण्याआधी दोनदा विचार करत.

"कारण अळंबी आठवण नुसती उघडत नाही, ओली करते," डॉ. मुजावर म्हणाल्या. "वाळलेल्या भिंतीवर पाणी मारल्यासारखी. त्या वेळी तिच्याशी मिळतंजुळतं जे काही ताजं असेल, ते गिलाव्यासारखं तिच्यावर बसतं आणि आठ दिवसांत वाळून एकजीव होतं. मग खरं कुठलं आणि सोंग कुठलं, हे तिला स्वतःलाही जन्मात कळणार नाही."

"आठ दिवसांनी. पण पहिल्या तासात?" आवळ्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पहिला तासभर दोन्ही थर वेगळे असतात, निलोफर. जिथं जुनं आणि नवं जुळत नाही तिथं सांधा दिसतो. तिला तालमीची मातीही दिसेल आणि इथली गादीही दिसेल, एकावर एक. मेंदूचे तरंग टिपणाऱ्या आपल्या तरंगलेखकावर दोन रेषा उमटतील. दोन्हींतलं सोंगाचं वजा केलं की राहील ते खरं. जिथं दोन्ही अगदी तंतोतंत जुळतं तिथंच फक्त रेष एक येते, आणि तंतोतंत काय जुळणार? माणूस वेगळा, जागा वेगळी."

"आणि त्या तासात भलतंच काही घडलं तर?"

"तर तेही बसेल आठवणीवर. म्हणून तर दार आतून बंद ठेवतो आपण."

डॉ. मुजावरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "सोंग घेणाऱ्यानं तोंडावर पांढरं फडकं बांधायचं. चेहरा द्यायचा नाही तिला."

दुसऱ्या दिवशी तालमीतून हिंदुराव मगदूम आले. सगळे त्यांना वस्तादच म्हणत. चैत्रालीला त्यांनी दहाव्या वर्षापासून घडवलं होतं, आक्कालाही. आक्काच्या तिरडीला पुढचा खांदा त्यांचाच होता.

"दुसऱ्या कुणाच्या हातात पोरगी द्यायची व्हय?" ते म्हणाले. "मीच घेतो सोंग. पोलिसांचा कागद दावा."

कागदात फार नव्हतं. मागून मान धरली, मोडली, मुद्गल मारला. वस्तादांनी तो एकदा वाचला, घडी करून परत दिला आणि तोंडावर फडकं बांधलं.

पहिल्या खेपेला चैत्राली दारातच गोठली. गादीवर वाळूचं पोतं होतं, आक्काच्या उंचीचं. फडकंवाल्यानं डावा गुडघा टेकला, पोत्याच्या गळ्याला कोपराचा विळखा घातला आणि एका हिसक्यात पिळला. शिवण फाटून वाळू भसाभस सांडली. मग तो उठला आणि चालत आला तिच्या अंगावर. तिनं पट काढायला त्याच्या पायाला हात टाकला, तर त्यानं तिचा दंड धरून तिला असं आपटलं की दातानं ओठ फाटला.

"ऊठ," फडक्यामागून आवाज आला. "रडायचं आसंल तर घरी जा. कुस्ती बायका-पोरांच्या खेळासारखी करायची न्हाई."

"बायकाच खेळायल्यात वस्ताद, दुसरं कोण हाय हितं," ती रक्त थुंकत म्हणाली.

दहावी खेप झाली तेव्हा तिच्या पाठीवर काळेनिळे पट्टे होते, पाच पोती फाटली होती आणि भीती म्हणाल तर खरोखरच संपली होती. काचेपलीकडून बघणाऱ्या डॉ. मुजावरांनी मात्र सहाव्या खेपेनंतर पाठ फिरवली होती. आवळे म्हणाले, पद्धत पुस्तकात नाही, पण लिहून ठेवण्यासारखी आहे.

परवाचा दिवस उजाडला. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, छताला आवाजाची जाळी. नियमाप्रमाणे शेजारी विश्वासाचा एक माणूस सोबतीला हवा. तिनं वस्तादांनाच बसवलं. त्यांनी दाराची कडी लावली आणि तिचं मनगट हातात घेतलं. तिनं अळंबीची वाटी रिकामी केली. पाऊण तासानं छत श्वास घ्यायला लागलं.

"दिसेल ते बोलत राहा," जाळीतून डॉ. मुजावरांचा आवाज आला.

"दार दिसतंय. तालमीचं." चैत्रालीचे डोळे उघडेच होते. "खाली माती हाय. गादीबी हाय. दोन्ही हाय, एकावर एक. उजेड पिवळा, अन् पांढराबी."

काचेपलीकडे तरंगलेखकावर दोन रेषा शेजारी-शेजारी धावत होत्या. आवळ्यांनी खुशीत मान हलवली.

"आक्का हाय. आक्काच्या जागी पोतं हाय. आक्का त्याचा हात ओरबाडतीय अन् वाळू सांडतीय. तिची वेणी सुटलीय." तिचा श्वास वाढला, पण ती मागं हटली नाही. सोंगानं आपलं काम केलं होतं. "मान मोडली. मॅडम, आवाज आला. पोत्याला असा आवाज न्हवता."

"त्या माणसाकडं बघ."

"बघतोय. त्यानं डावा गुडघा टेकलाय. खांदा असा खाली. मुंडी अशी." ती थबकली. "मॅडम, सगळं दोन-दोन दिसतंय. माणूस मात्र एकच हाय."

तरंगलेखकावरच्या दोन रेषा जवळ आल्या, चिकटल्या आणि एक होऊन सरळ पुढे गेल्या. डॉ. मुजावर खुर्चीतून उठल्या.

"चैत्राली, परत सांग. माणूस दुहेरी नाही?"

"न्हाई. तोंडावर फडकं बसलंय, तोंड तेवढं दिसंना. खालचं अंग एकच. सांधाच न्हाई."

"सांधा म्हंजे काय ओ?" वस्तादांनी छताकडे बघून विचारलं.

आणि डॉ. आवळ्यांनी, आयुष्यभर कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच हे ज्यांच्या हाडीमांसी मुरलेलं होतं त्या डॉ. आवळ्यांनी, ध्वनिक्षेपकाकडे वाकून सांगून टाकलं, "सोंग घेणारा आणि खरा मारणारा वेगळे असले की दोन दिसतात. इथं एकच दिसतोय, म्हणजे सोंग घेणारा आणि मारणारा..."

ते थांबले. पण जे कळायचं ते काचेच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना एकदमच कळलं.

वस्तादांनी हिशेब वेगळा केला होता. सोंग आपणच घेतलं की उद्या पोरीनं आपलं नाव घेतलं तरी लोक म्हणतील, तिनं सोंगच बघितलं. गुडघा कुठला टेकायचा हे पोलिसांच्या कागदात नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तीस वर्षं जे अंग एकाच पद्धतीनं वळलं, ते दुसऱ्याचं सोंग घेताना तरी वेगळं कसं वळणार?

"आक्कानं ऐकायला पाहिजे होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरींना मी ताकदीच्या चोरट्या सुया टोचत होतो त्या जिंकायसाठीच. तक्रार करती म्हणाली. मला."

मनगटावरचा हात सुटला आणि कोपराचा विळखा तिच्या गळ्याला बसला.

बाहेरून दारावर धक्के सुरू झाले. पाटील, डॉ. मुजावर, पुन्हा पाटील. कडी जाडजूड होती. चैत्रालीला तालीम दिसत होती, खोली दिसत होती, गळा आवळणारा हात दोन्हीकडे तोच. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. तिनं हनुवटी छातीशी दाबली, जागा केली बोटभर, आणि तेवढ्यातून श्वास ओढला. मग पलंगाच्या कडेला पाय रोवून ती सगळ्या वजनानिशी मागं कोसळली. दोघं खुर्चीवर पडले, खुर्ची मोडली. वस्तादांचं डोकं फरशीवर आपटलं, तरी विळखा सुटेना. तिनं त्यांच्या अंगठ्याला दात लावले आणि हाड लागेपर्यंत चावली. विळखा ढिला पडताच ती वळली, त्यांचा उजवा हात आपल्या मांड्यांत धरला, छातीशी ओढला आणि त्यांनीच शिकवलं होतं तसं कंबर वर उचलली.

ओली लाकडी फळी मोडावी तसा आवाज झाला. वस्ताद गुरासारखे ओरडले. तिनं सोडलं नाही. आणखी वर उचललं.

दार तुटलं. डॉ. मुजावर धावत आत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "सोड आता त्याला," त्या म्हणाल्या. "मोडला हात. झालं, बाळ. चल घरी."

आठ दिवसांनी, कायद्याप्रमाणे आठवण पूर्ण वाळल्यावर, न्यायाधीशांसमोर जबानी झाली. वस्ताद सुटणार नव्हते. तरंगलेखकाची एकेरी रेष होती, खोलीतलं चित्रण होतं, त्यांच्या तोंडचे शब्दही होते. जबानी उपचारापुरतीच होती. डॉ. मुजावर मागच्या बाकावर हात घट्ट जुळवून बसल्या होत्या. पुढं काय येणार हे तिथं त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं.

"त्या संध्याकाळी तालमीत काय घडलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

चैत्रालीनं स्वच्छ सांगितलं. दार, पिवळा उजेड, लाल माती. वस्तादांनी आक्काचा गळा धरला होता. मी धावलो. त्यांनी माझा गळा धरला. मी अंगठा चावलो, हात मांडीत धरला, मोडला.

जबानी लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. न्यायाधीशांनी कागद पुन्हा बघितले. "आणि तुमची बहीण? ती कशी गेली?"

"लोक म्हणतात गेली. घरात फोटोला हार हाय, मी रोज बघतो." तिचा आवाज शांत होता, आणि हाताची बोटं कठड्यावर पांढरी पडली होती. "पण मला इचाराल, तर आक्का मातीतनं उठली. वेणी सुटलेली. माझ्याजवळ गुडघ्यावर बसली, कपाळावरनं हात फिरवला अन् म्हणाली, सोड आता त्याला. मोडला हात. चल घरी."