ओलं फडकं

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. हे घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीसोबत, माझ्या डोळ्यांदेखत. तेही भर दुपारी, प्रवासात, हमरस्त्यालगतच्या एका मडक्यांच्या कारखान्यात.

गाडीचं इंजिन तापलं म्हणून थांबलो होतो. ताई म्हणाली, "चल, आत बघून येऊ. उन्हात उभं राहून तुझाच माठ होईल."

आत एकटा म्हातारा कुंभार. दोन चाकं. एक चालू. दुसऱ्यावर ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं.

"त्याला हात लावू नका," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं आहे. काठ काढायचा राहिला आणि ती गेली. सुकू नये म्हणून रोज पाणी मारतो."

तो भट्टी बघायला मागे गेला.

आणि...

चप्. चप्.

फडक्याखालून. ओल्या मातीवर कुणी हात मारावा तसा आवाज.

"ताई, निघू या."

"भित्रा कुठला! उंदीर असेल." तिनं फडकं उचललं.

उंदीर नव्हता. अर्धवट मडकं होतं. त्यावर बोटांचे ताजे ठसे. ताईनं सहज त्यात आपली बोटं ठेवली...

नेमकी बसली.

चाक फिरायला लागलं. कुणी फिरवलं नव्हतं.

"अरे, हात निघत नाहीयेत!"

मी तिला कमरेला धरून ओढलं. बोंबललो. म्हातारा धावत आला आणि दारातच मटकन बसला. मदत करायची सोडून रडत नुसता बघत राहिला, थेरडा!

काठ पूर्ण झाला. चाक थांबलं. हात सुटले.

म्हाताऱ्यानं दोऱ्यानं मडकं चाकावरून कापून काढलं आणि उन्हात नेऊन ठेवलं. "आता सुकू दे. सुटू दे माझ्या पोरीला."

माझ्या शेजारी ताईचे ओठ तडकले. मग गाल. भेगा पडत गेल्या... रक्ताचा थेंब नाही.

"पाणी," ती म्हणाली.

बाटली तिच्या तोंडाला लावली. काही उपयोग नाही. उरलेलं पाणी वेड्यासारखं मडक्यावर ओतलं.

ताईनं श्वास घेतला.

मडकं फडक्यात गुंडाळलं, म्हाताऱ्याला ढकललं, ताईला ओढत गाडी गाठली. मागून तो किंचाळत होता, "अरे, तिला कुठं नेतोस?"

आता ते मडकं आमच्या मोरीत आहे. मी आणि आई पाळीपाळीनं पाणी मारतो. माझी नोकरी गेली, आईची झोप गेली. कुणाला ठाऊक असेल तर सांगा. पाया पडतो. ज्ञान पाजळू नका, उपाय सांगा.

कालपासून नळ कोरडा. शेवटचा तांब्या सकाळीच संपला. आई पाणी आणायला गेलीय ती अजून परतली नाही. फडक्याला हात लावायचा धीर होत नव्हता.

शेवटी लावला...

चिंब ओलं होतं.

"तू पड जरा," ताई आतल्या खोलीतून म्हणाली. "ती मारतेय पाणी."

म्हातारा तर म्हणत होता, सुटू दे माझ्या पोरीला.

मग त्याची पोर पाणी का मारतेय?